नामजपाचा ईसीजी: एलएफ–एचएफ गुणोत्तर चढतंय, म्हणजे ताण वाढतोय का?

प्रश्न: जुळे_सोलापूर_७

नमस्कार मंडळी. शरीरक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मोजणी चालू आहे आणि आकडे अपेक्षेच्या नेमके उलटे येताहेत.

मांडणी अशी. सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात बायपास झालेल्यांसाठी पुनर्वसनाचा वर्ग भरतो. वर्गाच्या शेवटी नामजप असतो. वारकरी मंडळी 'राम कृष्ण हरि' म्हणतात, लिंगायत घरातली मंडळी 'नमः शिवाय'. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून, सोबत टाळ. ईसीजीसाठी (हृदयाच्या विद्युतसंकेताची नोंद) एडी ८२३२ चं तयार मोड्यूल, पुढे ईएसपी ३२ हा छोटा नियंत्रक, तिथून वायफायवरून लॅपटॉप. सेकंदाला २५० नमुने. इलेक्ट्रोड दोन्ही मनगटं आणि डाव्या घोट्यावर. आधी ५ मिनिटं शांत बसवून नोंद, मग ५ मिनिटं जपाची. आर शिखरं (ईसीजीत प्रत्येक ठोक्याला उठणारं टोक) शोधून आरआर अंतरांची, म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांमधल्या वेळेची, मालिका काढतो, ती ४ हर्ट्झवर पुन्हा नमुन्यात बसवतो आणि २५६ नमुन्यांच्या खिडकीनं वेल्च पद्धतीचा वर्णपट, म्हणजे मालिकेत कुठल्या वारंवारतेची लाट किती मोठी ते.

जपात एसडीएनएन (आरआर अंतरांचं प्रमाण विचलन) वाढतं. एचएफ, म्हणजे वरच्या वारंवारतेची पट्टी (०.१५ ते ०.४० हर्ट्झ) जवळजवळ रिकामी होते, एलएफ या खालच्या पट्टीत (०.०४ ते ०.१५) ०.१ च्या आसपास एकच सुळका उभा राहतो आणि गुणोत्तर कित्येक पटींनी चढतं. सॅम्पल एन्ट्रॉपी (मालिकेच्या अनियमिततेचं माप) उतरते. मार्गदर्शकांचं म्हणणं, एलएफ म्हणजे अनुकंपी (ताणाच्या वेळी शरीर सज्ज करणारी) चेतासंस्था, तेव्हा जपात ताण वाढतो असं लिहून मोकळे व्हा. विश्वस्तांना मात्र दर्शनी भागात 'जपाने हृदय बळकट होते' असा फलक लावायचाय, तोही आमच्या आकड्यांवर. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते गणितात मांडता येत नाहीये. चूक उपकरणात आहे, हिशेबात आहे की वाचनात?

---

टॅकोग्राम

मिनिटाला श्वास किती, ते मोजलंय का? तुमच्या पोस्टमध्ये ईसीजीचं सगळं आहे, श्वासाचा पट्टा कुठेच नाही. गोची तिथेच आहे.

श्वास आत घेताना ठोके जलद, सोडताना संथ. कार्ल लुडविगनं हे १८४७ मध्येच नोंदवलं होतं. ही वर-खाली मुख्यतः ठोके संथ करणाऱ्या व्हेगस नसेमार्फत होते आणि वर्णपटात ती श्वासाच्याच वारंवारतेवर दिसते. शांत बसलेला माणूस मिनिटाला १५ श्वास घेतो, म्हणजे ०.२५ हर्ट्झ. हे एचएफ पट्टीच्या मधोमध. आता जप बघा. दोन आवर्तनं एका दमात म्हटली आणि त्याला १० सेकंद लागले, की मिनिटाला ६ श्वास झाले, म्हणजे ०.१ हर्ट्झ. तीच व्हेगसची लाट, तीच नस, पण घर बदलून एलएफमध्ये राहायला गेली. एचएफ रिकामी झाली कारण भाडेकरू उठला. व्हेगस मंदावली म्हणून नव्हे.

साधा नियम: श्वास मिनिटाला ९ च्या खाली गेला की ०.१५ ची सीमा ओलांडली जाते आणि एलएफ–एचएफ गुणोत्तराला काही अर्थ उरत नाही. तसंही 'एलएफ म्हणजे अनुकंपी' हे समीकरण जुनं झालं. अ‍ॅट्रोपीन देऊन व्हेगसचा परिणाम थोपवला तर एचएफबरोबर एलएफचाही मोठा हिस्सा जातो. निव्वळ अनुकंपी असती तर जायला नको होती.

सुळका इतका उंच का, त्याचं कारण वेगळं आणि जास्त मजेचं आहे. रक्तदाब वाढला की मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबग्राहींना कळतं, ते ठोके उतरवतात आणि रक्तवाहिन्या सैल करतात. पण अनुकंपी बाजूनं वाहिन्यांचा ताण बदलायला वेळ लागतो. सगळा फेरा धरून विलंब सुमारे ५ सेकंदांचा. उलट दिशेनं दुरुस्ती करणाऱ्या कुठल्याही यंत्रणेत विलंब आला की ती विलंबाच्या दुप्पट कालावधीवर झुलायला लागते, कारण तेवढ्या वेळात दुरुस्ती नेमकी चुकीच्या टोकाला पोचते. ५ चे दुप्पट १०, म्हणजे ०.१ हर्ट्झ. रक्तदाबातल्या या लाटांना मायर लाटा म्हणतात. झिगमुंड मायरनं त्या १८७६ मध्ये वर्णिल्या. जपाचा श्वास नेमका त्या झोक्याच्या तालावर पडला की झोका उंच जातो. पोराला झोका देताना आपण जसं वेळ साधून ढकलतो, तसंच.

लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच दाखवलं. २३ निरोगी माणसं; लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा मंत्र. दोन्हींत श्वास मिनिटाला ६ च्या आसपास आला आणि दाबग्राही प्रतिक्षेपाची (दाब बदलला की ठोके बदलण्याची) संवेदनशीलता सरासरी ९.५ वरून ११.५ मिलिसेकंद प्रति मिमी पारा झाली. दोन निराळे धर्म, निराळ्या भाषा, आणि ओळीची लांबी जवळपास एकच. तुमच्या वर्गातल्या दोन जपांना हीच कसोटी लावा: फरक निघाला तर तो आधी आवर्तनाच्या सेकंदांत शोधा.

---

फूरियरचा_नातू

वरच्या उत्तराशी सहमत. पण उपकरण आणि हिशेबही धुतल्या तांदळासारखे नाहीत, तेव्हा ते आधी साफ करू.

पहिली गोष्ट वायफाय. वेळेचा शिक्का नमुना घेताना मारताय की डेटाचं पाकीट लॅपटॉपवर पोचल्यावर? दुसरं असेल तर सगळी नोंद टाकून द्या. पाकिटं गठ्ठ्यानं येतात, १०–२० मिलिसेकंदांची डगमग सहज होते आणि ती थेट आरआर अंतरात उतरते. टायमर इंटरप्टनं नमुना घ्या, सोबत क्रमांक साठवा, वेळ क्रमांकावरून काढा. वायफाय चालू असताना ईएसपी ३२ चा एडीसी २ (संकेताचे आकडे करणारा दुसरा भाग) वापरता येत नाही, एडीसी १ च्या पिनांवरच जोडा. जमलं तर एडीएस १२९२आर ही चिप घ्या: २४ बिट, दोन चॅनेल आणि छातीच्या विद्युतरोधावरून श्वासही त्याच घड्याळावर मिळतो. श्वास आणि ईसीजी दोन वेगळ्या घड्याळांवर असले की कला–फरकाचा (एक लाट दुसरीच्या किती पुढे-मागे आहे त्याचा) हिशेब पाच मिनिटांत घसरतो.

दुसरी गोष्ट नमुना–दर. दोन नमुन्यांमधलं अंतर 'ट' असेल तर प्रत्येक आर शिखराच्या वेळेत ट² भागिले १२ इतकं प्रसरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) चुकीपोटी शिरतं. आरएमएसएसडी (लागोपाठच्या आरआर अंतरांमधल्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढताना लागोपाठच्या तीन शिखरांना १, −२, १ असे भार मिळतात, वर्ग करून बेरीज ६, म्हणून चूक ट² भागिले २. आता खरा आरएमएसएसडी १२ मिलिसेकंद असलेला रुग्ण धरा, बायपासनंतर असे असतात. २५० हर्ट्झवर दिसेल १२.३, चालेल. १०० हर्ट्झवर १३.९. आणि मनगटी पट्टा २५ हर्ट्झवर चालत असेल व मध्ये काही सावरासावर करत नसेल तर ३१! म्हणजे माणूस नव्हे, घड्याळच मोजलं. तुमच्या २५० ला शिखराच्या तीन नमुन्यांतून परवलय बसवा, चूक आणखी खाली येईल.

तिसरी, आणि सगळ्यात घातक: हुकलेला ठोका. ५ मिनिटं, सरासरी ८०० मिलिसेकंद, ३७५ ठोके. खरं एसडीएनएन ३०, खरा आरएमएसएसडी २०. एकच शिखर हुकलं की एक अंतर १६०० होतं. एसडीएनएन ५१ वर जातं, आरएमएसएसडी ६२ वर. एका ठोक्यापायी तिप्पट! टाळ वाजवताना हाताच्या स्नायूंचा गोंगाट असतोच, आणि तुमचे इलेक्ट्रोड मनगटावर. म्हणजे जपाच्या नोंदीतच जास्त शिखरं हुकणार आणि 'जपानं परिवर्तनशीलता वाढली' असा निष्कर्ष फुकट मिळणार. एसडीएनएन वाढल्याचं म्हणताय, त्यातला किती भाग हा आहे ते आधी तपासा. इलेक्ट्रोड दोन्ही गळपट्टीच्या हाडांखाली आणि डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगडीवर आणा. निदान मोजणीपुरते टाळ खाली ठेवा.

शिखर शोधायला पॅन–टॉम्पकिन्स (१९८५) पुरे: ५ ते १५ हर्ट्झचा गाळप, अवकलन, वर्ग, १५० मिलिसेकंदांची सरकती बेरीज, एका ठोक्यानंतर २०० मिलिसेकंद दार बंद. त्यानंतर डोळ्यांनी प्रत्येक नोंद बघायची. शेजारच्या अंतरांपेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक असलेली अंतरं खूण करून ठेवा. अवेळी ठोका असेल तर तो आणि त्यानंतरची लांब विश्रांती अशी जोडी दुरुस्त करावी लागते, एकटा ठोका नव्हे.

वर्णपट. ४ हर्ट्झवर २५६ नमुने म्हणजे ६४ सेकंदांची खिडकी, विभेदन ०.०१५६ हर्ट्झ. श्वास ०.१४ वर असेल तर त्याचा सुळका पसरून ०.१५ च्या दोन्ही बाजूंना सांडतो आणि गुणोत्तर नशिबावर ठरतं. ५१२ ची खिडकी घ्या, विभेदन ०.००७८ होईल, ५ मिनिटांत १२०० नमुने असतात, निम्म्यानं सरकवत तीन खिडक्या बसतात. पुनर्नमुन्यासाठी सरळ रेषा जोडू नका, ती वरच्या वारंवारता खाते. क्युबिक स्प्लाइन ठेवा. नाहीतर सरळ लोम्ब–स्कार्गल वापरा. ही पद्धत खगोलशास्त्रातली (लोम्ब १९७६, स्कार्गल १९८२). ढगाळ रात्री गाळून जी निरीक्षणं उरतात ती समान अंतरावर नसतात, ठोकेही नसतात, म्हणून ती इथे चपखल बसते आणि स्प्लाइनची कटकटच उरत नाही. संथ उतार काढायला तारवायनेनची स्मूदनेस प्रायर्स पद्धत. ४ हर्ट्झवर लॅम्डा (त्या पद्धतीतला गुळगुळीतपणा ठरवणारा आकडा) ५०० घेतला तर ०.०३५ हर्ट्झच्या खालचं जातं.

एन्ट्रॉपी उतरण्याचं गूढ काही नाही. ०.१ हर्ट्झची मोठी ज्यावक्री लाट आली की पुढचा ठोका आधीच्यांवरून सहज ओळखता येतो. एन्ट्रॉपी म्हणजे न ओळखता येणं. ती उतरली याचा अर्थ हृदय आजारी झालं असा नव्हे, तालात आलं एवढाच. डीएफएचा अल्फा १ (थोड्या ठोक्यांच्या टप्प्यात मालिका किती सलग हलते त्याचं माप) काढलात तर तो चढेल, कारण तेच. गुणोत्तर, एन्ट्रॉपी आणि अल्फा १ हे तीन आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत देऊन तीन निष्कर्ष काढू नका, एकाच गोष्टीच्या तीन सावल्या आहेत.

आणि हो, रुग्णाला जोडलेला लॅपटॉप चार्जरवर नको. बॅटरीवर चालवा. ५० हर्ट्झची गुणगुण कमी होईल हा दुय्यम फायदा. मुख्य कारण सुरक्षितता.

---

ओपीडी_क्र_१२

उपकरणाचं झालं, माणसांचं बोलू.

बायपासनंतर ठोक्यांची परिवर्तनशीलता घसरते आणि पूर्ववत यायला काही महिने जातात. सहाव्या आठवड्यातला आणि सहाव्या महिन्यातला रुग्ण एका गटात टाकलात तर काळाचा परिणाम जपाच्या नावावर जमा होईल. शस्त्रक्रियेपासूनचे दिवस प्रत्येकाच्या नोंदीवर हवेत. अलिंद कंपन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर), पेसमेकर, सारखे अवेळी ठोके: हे वगळा. बीटा–ब्लॉकर (ठोके संथ करणारं औषध) बंद करायचा नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. औषध, मात्रा, गोळी घेतल्याची वेळ लिहायची आणि सगळ्या अवस्था एकाच बैठकीत मोजायच्या, म्हणजे प्रत्येक जण स्वतःचीच तुलना ठरतो. दहा–पंधरा वर्षांचा मधुमेह असेल तर स्वायत्त नसाच बोथट झालेल्या असू शकतात. अशांचा गट वेगळा दाखवा.

मोजणीआधी किमान दोन तास चहा–कॉफी–तंबाखू नको असं फॉर्मवर असेलच. पण आपल्याकडे 'तंबाखू खाता का?' ला 'नाही' म्हणणारी बाई सकाळी मिश्री लावून आलेली असते. तिच्या लेखी ते दात घासणं. विडी वळणाऱ्या बायका तर दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसतात. मिश्री, विडी, मावा, गुटखा, तपकीर असं एकेक नाव घेऊन विचारा. प्रश्नावली आणि संमतीपत्र मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही लागेल. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मंडळींना 'छातीत धडधड' मराठीत विचारून नीट उत्तर मिळेलच असं नाही.

बसण्याची पद्धत. जपाला मांडी घालायची सवय असते, पण बायपाससाठी पायातली शीर काढलेल्याला मांडी घालून दहा मिनिटांत रग लागते, आणि दुखण्यानं ठोके बदलतात. सगळ्यांना खुर्ची, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. श्वासाचा पट्टा छातीच्या हाडावरच्या टाक्यांवर बांधू नका, पोटावर बांधा; नाहीतर माणूस दुखेल म्हणून उथळ श्वास घेतो आणि तुम्ही तेच मोजता. एप्रिल–मे मध्ये सोलापुरात मोजणी करत असाल तर सकाळी आठ ते दहा, खोलीचं तापमान लिहून. घामानं इलेक्ट्रोड सुटतात हे एक. शरीरातलं पाणी कमी झालं की ठोके चढतात आणि परिवर्तनशीलता उतरते हे दुसरं.

अजून एक बारीक गोष्ट. तुमच्या मोड्यूलचा गाळप साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ असतो. त्यावरून एसटी भागाबद्दल (ईसीजीतला, हृदयाला रक्त कमी पडतंय का ते बघण्याचा भाग) एक शब्द लिहू नका. ठोक्यांची वेळ, बस.

---

पाढे_विरुद्ध_जप

'शांत' विरुद्ध 'जप' या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही. दोन्हींत एकाच वेळी चार गोष्टी बदलतात: श्वासाचा वेग, आवाज काढणं, लक्ष एका जागी असणं आणि नाम. चौथी तुम्हाला हवी आहे, आणि मोजताय चारांची बेरीज.

चार अवस्था करा, प्रत्येकी ५ मिनिटं, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. शांत बसणं. मेट्रोनोमवर मुका श्वास. पाढे. जप.

पाढे गमतीनं म्हणत नाहीये. निरर्थक अक्षरं म्हणायला भाविक माणूस कचरतो, त्यात हसू येतं, आणि हसू आलं की नोंद गेली. 'बे एके बे, बे दुणे चार' ला मात्र आपली चाल आहे, आवाज आहे, दम घ्यायच्या जागा आहेत, आणि भक्ती नाही. जपाच्या एका दमाला जितके सेकंद लागतात तितकेच पाढ्याच्या दमाला लागले पाहिजेत. त्यासाठी आधी एक सराव–फेरी घेऊन त्या माणसाचा जपातला श्वास मोजा: किती सेकंद आत, किती बाहेर. कारण जपात श्वास सोडणं लांब असतं, दोन सेकंद आत आणि आठ बाहेर असंही होतं. मेट्रोनोम पाच–पाचचा लावलात तर पुन्हा वेगळीच गोष्ट मोजाल. मेट्रोनोमवर माणसं हमखास जास्त खोल श्वास घेतात, कर्बवायू उतरतो, चक्कर येते. 'हळू घ्या, पण खोल नको' असं दोनदा सांगा, आणि चक्कर आली तर थांबवा.

मग वजाबाक्या वाचता येतात. मेट्रोनोम वजा शांत: श्वासाचा परिणाम. पाढे वजा मेट्रोनोम: बोलण्याचा. जप वजा पाढे: नाम, भाव, सवय, त्यातला आनंद, जे काय असेल ते. त्यातून 'भाव' आणखी वेगळा काढता येईल असं समजू नका, पण श्वास आणि बोलणं तरी त्यातून वेगळे निघतील. माझा अंदाज विचाराल तर वर्णपटातला बहुतेक सगळा फरक पहिल्याच वजाबाकीत संपेल.

क्रम प्रत्येकाला सारखा नको. चार अवस्थांचे चार क्रम असे निवडा की प्रत्येक अवस्था प्रत्येक जागी एकदा येईल आणि प्रत्येकीच्या मागे प्रत्येक दुसरी एकदाच. माणसांची संख्या चारच्या पटीत ठेवा. मुख्य तुलना एकच आणि आधी जाहीर: जप वजा पाढे, आरएमएसएसडीच्या लॉगवर (हे आकडे एका बाजूला लोंबतात, म्हणून लॉग). फरक त्याच्या प्रमाण विचलनाच्या निम्मा असेल असं धरलं तर ८० टक्के शक्तीसाठी (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) ३४ माणसं, चारच्या पटीत ३६. फरक ०.३ पट धरला तर ९०, म्हणजे ९२. बारा माणसांवर 'फरक आढळला नाही' असं लिहिणं म्हणजे तराजू न उघडताच वजन सांगणं.

भाग घेणाऱ्यापासून अवस्था लपवता येत नाही, हे मान्य. पण शिखरं दुरुस्त करणाऱ्यापासून लपवता येते. फाइलींना आकडे द्या, चावी दुसऱ्याकडे ठेवा.

---

चाटी_गल्ली

फलकाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

'श्रद्धा आणि हृदय' या नावाखाली दोन वेगळे प्रश्न येतात आणि विश्वस्त मंडळी ते एकत्र करतात. रुग्णानं स्वतः जप केल्यानं त्याच्या शरीरात काय होतं हा एक. त्यात यंत्रणा दिसते, वर आलीच आहे. दुसऱ्यानं दुरून केलेल्या प्रार्थनेनं रुग्ण बरा होतो का, हा दुसरा. त्याचा इतिहास थोडक्यात असा. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रँडॉल्फ बर्ड यांनी हृदय अतिदक्षता विभागातले ३९३ रुग्ण घेतले आणि काही निकषांवर फायदा दाखवला. निकष पुष्कळ होते, त्यांतले थोडे फळले. १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत हॅरिस यांनी ९९० रुग्णांवर एकूण गुणांकात लहान फरक दाखवला, रुग्णालयातल्या मुक्कामाचे दिवस मात्र तेवढेच. मग मोठे अभ्यास आले. २००५ मध्ये ७४८ रुग्णांच्या 'मंत्रा २' चाचणीत दुरून केलेल्या प्रार्थनेचा मुख्य निष्पत्तीवर परिणाम दिसला नाही. २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या गटानं सहा रुग्णालयांतले बायपासचे १८०२ रुग्ण घेतले. 'प्रार्थना होईल किंवा होणार नाही' असं सांगितलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी झाली त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के, ज्यांच्यासाठी नाही झाली त्यांच्यात ५१. आणि 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार' असं ठाऊक असलेल्यांत ५९! देवाला तक्त्यात बसवायला गेलं की असं होतं, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणतील. मला त्यातून इतकंच घ्यावंसं वाटतं, की रुग्णाला काय सांगितलं जातं तोही उपचाराचाच भाग असतो आणि तो मोजायला हवा. तुमच्या माहितीपत्रकात 'जपाचे फायदे' असा एक शब्दही नको.

फलक नकोच. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ बघा. त्यात जादूच्या उपायांच्या व्याख्येत गंडा, मंत्र, कवच येतात आणि परिशिष्टातल्या रोगांच्या यादीत हृदयरोग व रक्तदाब दोन्ही आहेत. विश्वस्तांना तात्त्विक वाद घालून पटणार नाही, कायद्याचं नाव सांगा, लगेच पटेल.

संमतीचं जपून करा. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्या खाटेवरून बरा होऊन आलेला माणूस पुनर्वसन वर्गात 'नाही' म्हणेल का? रुग्णालयाचा कर्मचारी किंवा जप सांगणारे महाराज समोर असताना सही घेऊ नका. नकार दिला तरी सवलत आणि उपचार तसेच राहतील हे तोंडी, त्याच्या भाषेत सांगा. जप न करणारे, मुसलमान, ख्रिस्ती, नास्तिक रुग्णही त्या वर्गात असतील. त्यांना त्यांचं पठण निवडू द्या किंवा जपाची अवस्था वगळू द्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं नैतिकता समितीपुढे लागतीलच. आणि तुम्ही ठरवून अवस्था देताय, म्हणजे ही हस्तक्षेप चाचणी झाली: सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांची भारतीय नोंदवही) नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी, नंतर नाही.

---

जुळे_सोलापूर_७

सगळ्यांचे आभार. जुन्या नोंदी उघडून बघितल्या. पाकीट पोचल्याची वेळच साठवली होती, तेव्हा त्या बाद. टाळ वाजत असतानाची हुकलेली शिखरंही दिसली. एक जप–आवर्तन ५ सेकंदांचं आहे आणि मंडळी दोन आवर्तनांना एक दम घेतात, म्हणजे ०.१ चा सुळका आयताच मिळाला.

दोन शंका उरल्या. प्रबंधाच्या शीर्षकात 'दाबग्राही प्रतिक्षेप' आहे आणि आमच्याकडे ठोक्यागणिक रक्तदाब मोजायचं यंत्र नाही. दंडाच्या पट्ट्यावर भागेल का? दुसरं, गटात जप करताना सगळ्यांच्या ठोक्यांचे आलेख एकाच वेळी वर–खाली होतात. याला 'हृदयांची एकतानता' म्हणावं असा आग्रह आहे.

---

टॅकोग्राम

दंडाच्या पट्ट्यावर नाही भागणार. या प्रतिक्षेपाच्या मोजणीत लागोपाठ तीन किंवा जास्त ठोके असे शोधायचे असतात की प्रत्येक ठोक्याला वरचा दाब किमान १ मिमी चढतो आणि आरआर अंतरही सोबत वाढतं. त्या रेषेचा चढ म्हणजे संवेदनशीलता. दंडाचा पट्टा अर्ध्या मिनिटात एक आकडा देतो. बोटावरच्या प्रकाशीय स्पंदाची वेळ घेऊन दाबाचा अंदाज बांधणारे आहेत, पण ईसीजीपासून बोटापर्यंतच्या वेळेत हृदयाची झडप उघडण्यापूर्वीचा काळही मोजला जातो, आणि तो श्वासाबरोबर व बीटा–ब्लॉकरनं बदलतो. बोटावर ठोक्यागणिक दाब मोजणारं यंत्र उसनं मिळालं तर बघा, नाहीतर शीर्षकातून शब्द काढा. 'श्वसनानुसारी ठोक्यांची परिवर्तनशीलता' असं नाव द्या आणि पट्टी ०.१५ वर न कापता प्रत्येकाच्या श्वासाच्या वारंवारतेभोवती, समजा दोन्ही बाजूंना ०.०३ हर्ट्झ, कापा. जप, पाढे, मेट्रोनोम तिन्ही मग एकाच मापानं मोजले जातील.

---

फूरियरचा_नातू

एकतानतेबद्दल. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये समूहगायकांवर हे मोजलं गेलं: गाण्याच्या रचनेनं श्वास एकत्र येतो, श्वासामागून ठोक्यांची लाट. जपातही एक जण सांगतो, बाकीचे मागून म्हणतात, म्हणजे दम घ्यायची जागा सगळ्यांना तीच. वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकाच मेट्रोनोमवर श्वास घ्यायला लावलात तरी आलेख असेच जुळतील.

तपासायची पद्धत: प्रत्येक जोडीचा ०.१ हर्ट्झभोवतीचा कला–फरक काढा आणि तो किती स्थिर राहतो ते मोजा. मग तीच मोजणी बनावट जोड्यांवर करा, म्हणजे सोमवारच्या गटातला एक आणि गुरुवारच्या गटातला एक, दोघांचा जप एकाच चालीचा. चाल सारखी असेल तर बनावट जोड्याही बऱ्यापैकी जुळलेल्या दिसतील. खऱ्या जोड्या त्यांच्याहून किती वर आहेत, तेवढंच तुमचं. त्यानंतर श्वासाच्या पट्ट्याचा संकेत दोघांच्या मालिकांतून वजा करून, म्हणजे आंशिक सुसंगती काढून, पुन्हा बघा काय उरतं ते. पट्टे सगळ्यांना एकाच दिवशी लागतील. आठ जणांचा गट असेल तर आठ पट्टे, आठ ईसीजी पाट्या (सर्किट बोर्ड), आणि सुरुवातीला सगळ्या पाट्यांवर एकाच बटणानं खुणेचा एक ठोका. घड्याळं पाच मिनिटांत किती सरकली ते कळायला तोच ठोका शेवटी पुन्हा एकदा द्या.